हरवलेल्या रेघांची वही

३ जून

ती. मावशी,

नमस्कार, आणि तो वाकून केला आहे असं समज. पाच महिने पत्र लिहिलं नाही, त्यापायी तसंही मला वाकायलाच हवं. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र तू कपाटात जपून ठेवतेस. मग राहिलं पत्रच.

बातमी अशी की संस्थेचं प्रमुखपद माझ्याकडे आलं आहे. सध्या प्रभारी म्हणून, सप्टेंबरात कायम होईल. सरांच्याच खोलीत बसते. सर जाऊन तीन वर्षं झाली, पण खुर्ची तीच आहे, डाव्या हाताला फाटलेली. तू इथे असतीस तर म्हणाली असतीस, पदाचं राहू दे, आधी खुर्ची शिवून घे.

आता कामाचं. सरांचा तो गाजलेला शोध तुला आठवत असेलच. एखादं जड अणुकेंद्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येऊन दुसऱ्यावर आदळलं की त्याचे तुकडे उडतात, आणि ते तुकडे हिशेबाने जेवढं अंतर जायला हवेत तेवढं न जाता लवकरच पुन्हा कशावर तरी आदळतात, असं सरांनी दाखवलं होतं. तू नोकरीत होतीस तेव्हा तुमच्या खोलीत मायक्रोस्कोपखाली बघायचात, त्या प्लेटींवरूनच. माझा प्रबंधही त्यावरच होता. आता दोन ठिकाणी नव्या यंत्रांवर तोच प्रयोग केला, तर तिथले तुकडे निमूट सरळ वागतात. त्यामुळे बाहेरच्या तिघांची एक समिती नेमली आहे, जुन्या नोंदी तपासायला. काळजीचं काही नाही.

तुला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. तुकड्याची रेघ एका प्लेटीतून बाहेर पडली आणि पुढच्या प्लेटीत सापडली नाही, तर तुम्ही तिची नोंद कशी करायचात? आणि त्या काळातल्या काही कच्च्या वह्या तुझ्या घरी राहिल्या आहेत का? सहज विचारते आहे.

गुडघ्यांना तेल लावतेस ना?

तुझी,
खार


१० जून

चि. खार,

प्रमुख झालीस, ऊर भरून आला. पत्र दोनदा वाचलं आणि मग खालच्या शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांना अणूतलं काही कळत नाही, पण ‘प्रमुख’ कळतं. तुझी आई असती तर तिने आळीभर सांगितलं असतं. तिच्या वाटचं मी सांगते आहे. तू अकरा वर्षांची असताना ती तुला माझ्या पदरात टाकून गेली, तेव्हा तू माझ्या पेन्सिली कुरतडून ठेवायचीस म्हणून तुझं नाव खार पडलं. आता प्रमुखीणबाईंना खार म्हणावं का, असा प्रश्न मला पडला आणि लगेच सुटलाही.

तुझ्या प्रश्नाने खरंच बरं वाटलं. चौतीस वर्षं त्या खोलीत काढली, पण बाई तुम्ही नेमकं करता काय, असं मला कुणी विचारलं नाही. तूसुद्धा नाही.

जाड पडदे, सात मायक्रोस्कोप, सात स्टुलं, आणि त्यांवर आम्ही सातजणी. काचेवर फोटोच्या फिल्मला असतो तसा पण चांगला जाड लेप, अशा प्लेटींचा गठ्ठा. कण त्यातून गेला की त्याची रेघ उमटते. अणुकेंद्र फुटतं तिथून रेघा चहूकडे सुटतात, त्याला आम्ही तारा म्हणायचो. भारी तुकड्याची रेघ जाड, आणि तिच्या अंगावर केस. ते केस मोजले की तुकडा केवढा ते कळायचं. मग ती रेघ धरायची आणि स्क्रू फिरवत शेवटपर्यंत न्यायची. एक तर ती पुन्हा कशावर आपटून नवा तारा करते, नाही तर अख्खा गठ्ठा पार करून निघून जाते. किती मिलिमीटर गेली आणि आपटली की नाही, एवढं लिहायचं.

मूळ कण प्लेटीतून सरळ आडवे धावायचे, ते सहसा हरवत नसत. तुकडे तिरके सुटायचे, या प्लेटीतून त्या प्लेटीत. प्लेटी धुताना जराशा आक्रसतात, त्यामुळे पुढच्या प्लेटीत रेघ जिथे असायला हवी तिथे ती नसायचीच. दहातल्या दोन-तीन अशा जायच्या. पहिल्याच वर्षी मी एक रेघ ‘अकरा मिलिमीटर, पुढे हरवली’ अशी लिहिली. सरांनी वही सगळ्यांच्या देखत टेबलावर आपटली. म्हणाले, “अर्धवट नोंद म्हणजे खोटी नोंद, बाई. शेवट दिसला नसेल तर लिहू नका.” मी चोवीस वर्षांची होते. कानाला खडा लावला. पुढे आलेल्या प्रत्येकीला तेच शिकवलं, की मोठ्या रजिस्टरात फक्त शेवट दिसलेल्या रेघा.

पण डोळे फोडून केलेलं काम टाकून द्यायला हात धजेना. म्हणून जड अणुकेंद्रांच्या प्लेटी आल्या तेव्हा सगळ्याजणींच्या हरवलेल्या रेघांसाठी मी वेगळी वही केली. प्लेटीचा नंबर, कुठवर दिसली, किती मिलिमीटर. निळ्या कव्हरची. आणि ती तू माझ्या घरी काय शोधतेस? प्रबंधाच्या वर्षी तूच तर नेलीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझंच कपाट उघडून बघ.

तेल लावते. गुडघ्यांना त्याचं काही नाही.

तुझी मावशी


२४ जून

ती. मावशी,

तुझं पत्र मी दुपारच्या चहाबरोबर वाचलं आणि कितीतरी दिवसांनी एकटीच हसले.

निळ्या वहीचं मात्र मला काही आठवत नाही. तू मोठ्या रजिस्टरांबद्दल म्हणत असशील, ती निळीच होती. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, मलाही तेव्हाचं धड आठवत नाही, मग तुला एकाहत्तराव्या वर्षी कुठून आठवणार? मनाला लावून घेऊ नकोस.

रेघ हरवली तर नोंदवायचीच नाही, ही पद्धत तू घालून दिलीस आणि बाकीच्यांना शिकवलीस, हे तू स्पष्ट लिहिलंस ते फार बरं झालं. समितीला नेमकं हेच हवं आहे.

आणखी एक. समितीतल्या कुणाचं पत्र आलं तर उत्तर देण्याआधी मला कळव. तुझं मन निर्मळ आहे, पण ही माणसं शब्दाचा कीस काढतात. उगाच तुला त्रास नको.

नवं तेल पाठवते आहे. आमच्या ग्रंथपालबाईंच्या आईला गुण आला म्हणे.

तुझी,
खार


२ जुलै

चि. खार,

तीन दिवस डोकं खाजवलं. तू नाही म्हणतेस म्हणजे नसेलही. परवाच मी चहात साखर दोनदा घातली आणि शिंपीणबाईंनी मुकाट्याने तो प्याला. पण आठवण कशी गं इतकी ठसठशीत असते? जेवणाची सुट्टी होती. माझ्या शेजारची बुटकी आपल्या स्टुलावरची उशी शिवत होती, त्या उशीवाचून तिचे डोळे भिंगापर्यंत पोचत नसत. तू दारातूनच म्हणालीस, मावशी, हरवलेल्यांची वही आठ दिवस दे. मी दिली. आठवड्याने मागितली तर म्हणालीस, सर म्हणतात तिची काही गरज नाही. मी म्हटलं, गरज नसेना का, वही दे. तू म्हणालीस, देते. त्यानंतर तुझा प्रबंध, मग नोकरी, मग तुझं लग्न. राहूनच गेलं ते.

आणि ‘पद्धत तू घालून दिलीस’ असं मी लिहिलेलं नाही. सरांनी वही आपटली असं लिहिलं आहे. तू एवढी शिकलेली, मागचं पत्र पुन्हा एकदा नीट वाच.

एक विचारू का? त्या रेघा सोडल्याने काही बिघडलं का? आम्ही बायका जे दिसलं तेच लिहीत होतो. कुणी डोळ्यांत तेल घालून काम केलं म्हणून जगात काही बिघडल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

तेल मिळालं. त्याला वास येतो.

मावशी


२० जुलै

ती. मावशी,

सोबत एक टाइप केलेला कागद आहे. भाषा कार्यालयाची आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. खाली खुणेच्या जागी सही कर आणि परत पाठव, एवढंच काम.

तू विचारलंस म्हणून सांगते. बिघडलं आहे, मावशी. तुकडे सरासरी किती अंतर जाऊन आदळतात हे कसं काढतात? सगळ्या रेघांनी कापलेलं अंतर एकत्र करायचं आणि एकूण टकरींनी भागायचं. हरवलेली रेघ हरवेपर्यंत काही न आदळता छान चाललेली असते. ती वगळली की तिचं चाललेलं अंतर हिशेबातून जातं, पण टकरी तेवढ्याच राहतात. म्हणजे अंतर आपोआप कमी दिसतं. मूळ कण हरवत नव्हते, म्हणून ते ठीक दिसले. तुकडे हरवत होते, म्हणून तेच तेवढे लवकर आदळताना दिसले. सगळा शोध एवढाच निघाला.

कुणी तुला दोष देत नाही. तू भौतिकशास्त्र शिकलेली नव्हतीस, तुला कसं कळणार? पण समितीला कुठेतरी बोट ठेवावं लागेल. सर हयात नाहीत. त्यांच्या नावाचं सभागृह होतं आहे. माझ्या हाताखालच्या तीन मुलांचं काम याच शोधावर उभं आहे. तू निवृत्त आहेस, तुझं आता कोण काय करणार?

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बैठक आहे.

तुझी,
खार

(सोबतचा कागद)

मी, स्कॅनिंग विभागातील ज्येष्ठ स्कॅनर (निवृत्त), निवेदन करते की पुढील प्लेटीत न सापडलेल्या रेघांची नोंद न करण्याची पद्धत मी स्वतःच्या विचाराने, प्रमुखांना न कळवता, सुरू केली व विभागातील इतर स्कॅनरना शिकवली. अशा रेघांची अन्य कोणतीही नोंद ठेवण्यात आलेली नव्हती.


२९ जुलै

खार,

सही केलेली नाही.

तुझा हिशेब मला कळला. न शिकलेलीला कळला, कारण अवघड नाही. दवाखान्यातून बरे होऊन घरी गेलेल्यांची नोंदच ठेवली नाही, तर दवाखान्यात आलेला प्रत्येकजण मेला असंच दिसणार. एवढी साधी गोष्ट. मग सरांच्या का लक्षात आली नाही? चार वर्षं त्या खोलीत ये-जा करून प्रबंध लिहिणाऱ्या तुझ्या का लक्षात आली नाही? त्या वर्षी तुम्ही आम्हाला असं काही विचारलं असतंत, तर सातही जणींनी एका आवाजात सांगितलं असतं की हरवलेल्या रेघा वेगळ्या वहीत आहेत.

तुझा कागद मी पाच वेळा वाचला. ‘स्वतःच्या विचाराने.’ ‘प्रमुखांना न कळवता.’ त्या खोलीत मी पडदासुद्धा स्वतःच्या विचाराने सरकवला नाही कधी. आणि शेवटचं वाक्य: कोणतीही नोंद ठेवण्यात आलेली नव्हती. ते वाचल्यावर मला कळलं की माझी आठवण ठीक आहे. माझी वही खरंच नसती, तर ते वाक्य तुला लिहावं लागलं नसतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुला लहानपणापासूनची सवय. पेन्सिल कुरतडून झाली की उरलेली तू माझ्याच पिशवीत टाकायचीस.

मी बुटकीकडे गेले होते. दोन बस बदलून. तुला त्या खोलीची एक रीत माहीत आहे, पण तू ती विसरलीस. प्रत्येक प्लेट दोघींनी बघायची, एकीने दुसरीची वही न बघता. माझ्या प्लेटींवर दुसरी नजर बुटकीची होती. हरवलेल्यांची तिचीही वही होती, सगळ्याजणींच्या दुसऱ्या नजरेची. निवृत्त होताना कुणी मागितली नाही म्हणून ती घरी घेऊन आली, आणि शिलाई मशीनच्या खणात सूत-बटणांखाली ठेवून दिली. कव्हर गेलं आहे. पानं सगळी आहेत.

सरांच्या निबंधाची छापील प्रत माझ्याजवळ आहे. शेवटच्या ओळीत ‘स्कॅनिंग विभागाचे आभार’ आहेत, आणि तक्त्यात एकूण अंतर आणि एकूण टकरी. आम्ही दोघींनी तिच्या टेबलावर बसून वहीतल्या रेघांची बेरीज केली, त्यात मिळवली आणि भागलं. दोन दुपारी गेल्या. बुटकीने सगळं पुन्हा एकदा वेगळं केलं, माझं न बघता. दोघींचं उत्तर एकच आलं. तुझी नवी यंत्रं सांगतात ते.

वीस वर्षांपूर्वी तू माझी वही नेऊन हाच भागाकार केला असशील. मला आता त्याची खात्री आहे.

मावशी


११ ऑगस्ट

मावशी,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस ऑफिसात गेले नाही.

समज, ती वही मी पाहिली होती. समज, मी तो भागाकार केला होता. सव्वीस वर्षांची मुलगी. प्रबंध टाइप होऊन आलेला. सरांना त्या महिन्यात तीन देशांतून बोलावणी आलेली. सरांचा स्वभाव तुला मी सांगायला हवा? तुझी एक रेघ अर्धवट राहिली तर त्यांनी वही आपटली, मी त्यांचा अख्खा शोध अर्धवट आहे म्हणून सांगितलं असतं तर काय आपटलं असतं? मी परत तुझ्या दोन खोल्यांत आले असते, आणि तू आयुष्यभर लोकांना सांगितलं असतंस की पोर हुशार होती पण तिने हातचं घालवलं.

तू म्हणशील, मग नंतर का नाही सांगितलं? नंतर रोजच उशीर झालेला असतो. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी सांगणं दुप्पट अवघड होतं.

मी हे सगळं ‘समज’ म्हणून लिहिते आहे. हे पत्र फाडून टाक.

त्या वहीचं काय करणार आहेस ते मात्र कळव. बुटकीमावशींना आणखी कुणाशी बोलायला देऊ नकोस. तुझ्या पाया पडते.

खार


१८ ऑगस्ट

चि. खार,

तुझं ‘समज’ मला कळलं. रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आलं की माणसाला काहीच धड करता येत नाही. एक गोष्ट तू खरी लिहिलीस. तेव्हा तू परत आली असतीस तर मी तुला बोललेच असते. तू खरं बोललीस म्हणून जवळ घेतलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत बोलायलाही लागले असते. मी तशीच आहे.

आता ऐक, मी वाट काढली आहे. बुटकीची वही तुला रजिस्टर टपालाने पाठवते आहे, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, तुझ्या नावाने. ती समितीपुढे तूच ठेव. सांग की जुन्या स्कॅनरबाईंकडे चौकशी केली तेव्हा मिळाली, आणि हिशेब पुन्हा करून पाहिला तेव्हा चूक सापडली. हे खोटंही नाही. चूक शोधून काढणारी म्हणून नाव तुझंच होईल. सर चुकले असं होईल, आणि ते चुकलेच होते. सभागृहाला दुसरं नाव नको असेल तर त्यांचंच राहू दे. मेलेल्या माणसाला एक चूक जड होत नाही.

माझ्या निळ्या वहीचं मी कुणाजवळ नाव काढणार नाही. तुझं पत्र फाडून टाकलं आहे. मला फक्त एवढंच हवं आहे की आम्ही सातजणींनी नोंदी ठेवल्या होत्या हे त्या अहवालात यावं. आम्ही मूर्ख होतो किंवा कामचुकार होतो असं छापून येऊ नये. सातातल्या चौघी आता नाहीत, त्यांच्या वतीने भांडायला बुटकी, मी आणि आणखी एक एवढ्याच उरलो, आणि त्या आणखी एकीला आता माणसं ओळखू येत नाहीत.

बुटकी म्हणत होती, आधी झेरॉक्स काढून ठेव. मी तिच्यावर ओरडले. घरातल्या घरात झेरॉक्स कसली? वहीची दुसरी प्रत नाही, तेव्हा जपून हाताळ. काम झालं की बुटकीला परत करायची आहे, मी शब्द दिला आहे.

आणि जेवत जा. तुझं अक्षर बारीक झालं आहे.

मावशी


९ सप्टेंबर

ती. मावशी,

उशिराबद्दल माफ कर. बैठकीच्या धावपळीत होते.

वाईट वाटतं सांगायला, पण तू लिहिलेली वही मला मिळाली नाही. पत्र आलं, वही नाही. ऑफिसात, टपालाच्या खोलीत, सगळीकडे विचारलं. हल्ली टपालाचं काही खरं राहिलेलं नाही, रजिस्टरसुद्धा गहाळ होतं. मी शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली. बुटकीमावशींना काय वाटेल याचंच मला जास्त वाईट वाटतं.

समितीला आणखी थांबता येत नव्हतं. वही हातात नसताना ती आहे म्हणून सांगणं शोभलं नसतं. तुझं निवेदन नव्हतं, म्हणून तुझ्या जूनच्या पत्रातला ‘पुढे आलेल्या प्रत्येकीला तेच शिकवलं’ हा भाग त्यांना दाखवावा लागला. अहवालात ‘ज्येष्ठ स्कॅनरच्या वैयक्तिक सवयीमुळे’ असा शब्दप्रयोग आहे. नाव घातलेलं नाही, ते मी भांडून काढून घेतलं. खरं म्हणजे कुणी वाचणारही नाही. महिनाअखेर छापायला जाईल.

माझी नेमणूक कायम झाली. तुझ्या आशीर्वादाने, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दिवाणखान्यात तुझ्यासाठी खाट टाकायचा विचार आहे. थंडीत इकडे येऊन राहा. सगळं विसरून जाऊ.

तुझी,
खार


१५ सप्टेंबर

खार,

नेमणुकीबद्दल अभिनंदन.

वही टाकायला गेले तेव्हा टपालातल्या मुलीने विचारलं, आजी, पोचपावती हवी का? मी हो म्हटलं. मला कशाचा संशय नव्हता. चौतीस वर्षं कागद दिला की सही घ्यायची सवय, तेवढंच. ती पोचपावती सत्तावीस ऑगस्टला माझ्याकडे परत आली. त्यावर तुझी सही आहे, पंचवीस तारखेची, आणि खाली संस्थेचा शिक्का. शिपायाने कागदांची चळत पुढे केली असेल आणि तू न बघता सह्या ठोकल्या असशील. शाळेतल्यासारखी अजूनही शेवटच्या अक्षराची शेपटी वर नेतेस, ती मीच शिकवली होती.

तेव्हापासून मी थांबले होते. रोज वाटायचं, आज लिहील, मिळाली म्हणून. मी तुझ्यासाठी कारणंही तयार करून ठेवली होती. कामात असेल, तापाने पडली असेल, विसरली असेल. तू टपालखात्यावर ढकलशील हे त्यांत नव्हतं.

बुटकीला मी काल सगळं सांगितलं. ती उठली. मशीनचा खण उघडून बटणं नीट लावत बसली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

तू असं का केलंस याचाही विचार केला. वही पुढे आली की कुणीतरी विचारणार, प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला हे चार वर्षांत कसं कळलं नाही. एवढ्या एका प्रश्नाला भ्यालीस. मी काढून दिलेल्या वाटेत तो एक खड्डा होता, तेवढा तुला ओलांडवला नाही. त्यापेक्षा सात बायका ओलांडणं सोपं गेलं.

माझी अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली होती. गप्प बसले तर माझं आणि सातजणींचं काम जातं. बोलले तर माझी पोर जाते, आणि जग म्हणणार, असली पोर वाढवली कुणी, म्हणजे ते पुन्हा माझ्यावरच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन दिवस घास गिळला नाही. शिंपीणबाई येऊन विचारून गेल्या. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. दिवाणखान्यातली खाट, थंडी, सगळं विसरून जाऊ. आणि लक्षात आलं की पोर तर आधीच गेली आहे. राहिलं आहे ते कामच, ते तरी राखावं.

पोचपावतीची झेरॉक्स काढून घरी ठेवली. मूळ पोचपावती आणि दोन ओळींचं पत्र आज सकाळी समितीच्या अध्यक्षांना रजिस्टरने पाठवलं. हरवलेल्या रेघांची वही आहे आणि ती कुणाकडे आहे, एवढंच त्यात लिहिलं आहे, बाकी काही नाही. तुला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून हे पत्र.

त्या पत्राचीही पोचपावती मागितली आहे.

मावशी